मोतीचं तोंड

दिनकरराव धुमाळांना जगात कोणाचंच काम पसंत पडत नसे, आणि एवढं ठाम मत असूनही त्यांनी स्वतःच्या हाताने कधी कसलंही काम केलेलं नव्हतं. ग्वाल्हेरच्या कंपू भागातल्या त्यांच्या घरासमोरून नळ दुरुस्त करणारा सायकलवरून गेला तरी ते फाटकाशी उभे राहून त्याच्या पिशवीकडे अशी नजर टाकायचे की तो बिचारा पायडल जोरात मारायचा. सरकारी कचेरीत हेडक्लार्क म्हणून त्यांची उमर गेली. दुसऱ्यांच्या मसुद्यांवर लाल रेघा ओढणं हे तिथलं त्यांचं काम, आणि निवृत्तीनंतर मसुदे संपले तरी रेघा संपल्या नाहीत. शालिनीताईंची आमटी, मुलाची म्हणजे समरजीतची नोकरी, महाराज बाड्याच्या चौकातले नवे रंगीत दिवे, शेजारच्या कुत्र्याचं भुंकणं, काहीच सुटलं नाही.

घराण्याचा अभिमान मात्र पोतंभर. दक्खनेतून फौजेबरोबर आलेले आपण धुमाळ, हे ते चहा यायच्या आत पाहुण्याला सांगून टाकायचे आणि चहा संपेपर्यंत पणजोबांच्या रिसालदारीवर यायचे. पणजोबा रिसालदार नव्हते. ते रिसाल्यातल्या घोड्यांच्या वैरणीवर देखरेख करायचे. चांगलं, इमानी काम होतं, लाजण्यासारखं त्यात काहीच नव्हतं, पण दिनकररावांनी त्या गवताची तलवार करून टाकली ती टाकलीच.

ह्या घरातल्या शेवटच्या घोड्याचं नाव मोती. तो म्हातारा होऊन गेला तेव्हा दिनकररावांच्या वडिलांनी, आबासाहेबांनी, डबरा गावाजवळच्या शेतासाठी एक विलायती ट्रॅक्टर घेतला. लाल रंगाचा, पुढे उभी जाळी, धुराडं आकाशाकडे. आबासाहेबांनी त्याचंही नाव मोतीच ठेवलं, आणि घोड्याचा मानही त्याला दिला. मान म्हणजे असा, की दसऱ्याला शस्त्रपूजा झाली की घरातल्या कोणाच्याही आधी मोतीच्या ओठांना पंचामृत लावायचं, मग माणसांनी घ्यायचं. पहिल्याच दसऱ्याला सगळे अडले. ट्रॅक्टरचं तोंड कुठलं? कोणी डिझेलची टाकी दाखवली, कोणी दिवे. आबासाहेबांनी निवाडा दिला की जनावर जिथून पाणी पितं ते त्याचं तोंड, आणि ट्रॅक्टर पाणी पितो रेडिएटरने. मग बोनेटच्या पुढच्या टोकाचं झाकण उघडून त्यांनी आत पंचामृताचा एक थेंब सोडला, झाकण लावलं, आणि उन्हाळा लागल्यावर सगळं पाणी काढून रेडिएटर स्वच्छ धुवून घेतला. आबासाहेब भाविक होते, पण खुळे नव्हते.

खुळेपणा पुढच्या पिढीच्या वाट्याला आला. आबासाहेब गेले, कर्तेपण दिनकररावांकडे आलं, आणि थेंब ही गोष्ट त्यांना घराण्याला शोभेनाशी वाटली. त्यांनी तांब्या घेतला. दूध, दही, तूप, मध, साखर, वर तुळशीची पानं आणि ताम्हनातून उचललेल्या मूठभर अक्षता, असा भरला तांब्या ते दर दसऱ्याला मोतीच्या तोंडात रिकामा करायचे आणि सभोवार बघायचे. उन्हाळ्यातलं धुणं त्यांनी बंद केलं. देवाला दाखवलेलं तीर्थ गटारात सोडायचं नसतं, असं त्यांनी ठणकावून सांगितलं, आणि ठणकावून सांगितलेलं खोडून काढायची त्या घरात पद्धत नव्हती. एका दसऱ्याला तर ताम्हनातली पूजेची सुपारीच दिसेना. दिनकररावांनी गुरुजींना सगळ्यांदेखत पिशवी झाडून दाखवायला लावली. गुरुजींनी झाडली, तीत सुपारी नव्हती, आणि गुरुजी पुन्हा त्या घराची पायरी चढले नाहीत.

त्याच वर्षी गव्हाच्या पेरणीच्या दिवसांत मोती डबऱ्याच्या रस्त्यावर वाफेचा लोट सोडत थांबला. इंजिन आतून जाम झालं. त्या वेळी मोतीवर बसला होता हेमेंद्र, दिनकररावांचा धाकटा भाऊ. शेती तोच बघायचा. चिखलात पाय तोच घालायचा, आणि दिनकरराव ग्वाल्हेरात बसून उंटावरून शेळ्या हाकायचे. बातमी कळली तशी त्यांनी खुर्चीतून न उठता निकाल दिला की ह्याने पाणी न बघता मोती हाकला. हेमेंद्रने शांतपणे सांगितलं की निघताना झाकण उघडून मी पाणी पाहिलं होतं, काठोकाठ होतं. ते कोणी ऐकलं नाही. भरल्या पंगतीत दिनकरराव म्हणाले की बापाचा मोती ज्याला सांभाळता आला नाही त्याने बापाच्या शेतात पाऊल टाकू नये. हेमेंद्र ताटावरून उठला आणि इंदूरला गेला. तिथे त्याने पाण्याच्या मोटारी विकायचं दुकान काढलं, लग्न केलं, संसार केला. शेत वाटेकऱ्याकडे गेलं.

मोतीला दोरखंड लावून कंपूत आणला आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभा केला. दिनकररावांनी त्याच्यासमोर शपथ घेतली की मोती पुन्हा चालू होईपर्यंत त्याचं तोंड उघडायचं नाही, पंचामृताचा थेंब द्यायचा नाही. नुसतं बोनेटला हळदकुंकू. ही शपथ त्यांनी इतकी वर्षं पाळली. आयुष्यात त्यांनी नेटाने केलेलं हे एकच काम, आणि तेही काही न करण्याचं.

यंदा नवरात्रात हेमेंद्र अचानक दारात उभा राहिला. डोक्यावरचे केस गेलेले, हातात मिठाईचा डबा. त्याच्या लेकीचं, विनिताचं, लग्न ठरलं होतं, तुळशीच्या लग्नानंतरचं. आबासाहेब नाहीत, तेव्हा मांडवात घराण्यातलं वडीलधारं माणूस म्हणून दादांनी उभं राहावं, एवढंच मागायला तो आला होता. विनिताने मोठ्या काकांना फोटोतच पाहिलं होतं. त्यांना घेऊनच या, असं तिने बापाला बजावलं होतं.

दिनकररावांनी मिठाईचा डबा उघडला, पेढ्याचा रंग बघून नाक मुरडलं आणि डबा बंद केला. मग म्हणाले, "येईन. का नाही येणार? आधी कबूल कर की पाणी न बघता मोती हाकलास."

"मी पाणी पाहिलं होतं, दादा."

"मग मी येत नाही."

स्वयंपाकघरात शालिनीताईंनी हातातलं झाकण पातेल्यावर ठेवलं नाही, आपटलं. लग्न होऊन आल्यापासून त्या हा माणूस बघत होत्या, आणि त्याच्याबद्दलचं त्यांचं मत त्या भांड्यांच्या आवाजातच व्यक्त करायच्या. हेमेंद्र मात्र उठून गेला नाही. दसऱ्यापर्यंत राहतो म्हणाला. त्या राहण्यात एक चिवट आशा होती, आणि दिनकररावांना ती आशा अंगाला खाजकुयली लागावी तशी सोसेना. त्यांनी जाहीर करून टाकलं की मी मोतीचा रेडिएटर काढून तुझ्यापुढे ठेवतो. आतल्या नळ्या कोरड्या जळून फुटल्या असतील. डोळ्यांनी बघ, मग बोल.

समरजीत म्हणाला, "बाबा, दौलतसिंहला बुला लेते हैं ना. मिस्त्री आहे तो. तुम्ही कशाला परेशान होता?"

दौलतसिंहला पाना कुठल्या हातात धरायचा ते तरी मालूम आहे का, असं दिनकररावांनी विचारलं. हा प्रश्न ज्यांनी विचारला त्यांच्या हातात आजवर पाना आलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी समरजीत काकांना घेऊन दाल बाज़ारात सामान आणायला गेला, आणि दिनकरराव शेडमध्ये उतरले. अंगात सफारी. मोतीसमोर बनियनवर जाणं त्यांना कमीपणाचं वाटलं असावं. सुरुवात बरी झाली. पुढची जाळी गंजून इतकी झिजली होती की पेचकस दाखवताच निघून आली. बोनेट उचलून बाजूला ठेवलं. मग त्यांनी रेडिएटरच्या बुडाशी असलेली पितळी तोटी खोलली. थेंबही आला नाही. "कोरडा," दिनकरराव मोठ्याने म्हणाले, आणि त्यांची छाती सफारीत मावेना. इतक्या वर्षांत कुठल्या भांड्यात पाणी शिल्लक राहतं, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात आला नाही. सोयीचा पुरावा मिळाला की ते फार खोलात जात नसत.

वरची आणि खालची रबरी नळी दगड झाली होती. दिनकररावांनी शालिनीताईंची भाजीची सुरी आणली आणि नळ्या करवतल्या. सुरीची धार गेली. त्यांनी सुरीला नावं ठेवली. मग आले बुडाचे बोल्ट, ज्यांच्यावर रेडिएटर बसलेला होता. त्यांना नेमका बसणारा पाना पेटीत होता, पण दिनकररावांनी मोठा घेतला, कारण मोठा पाना जास्त जोर देईल असा त्यांचा हिशेब. जोर दिला, पाना घसरला, बोल्टचे कोपरे गुळगुळीत झाले. आता दोष पान्याचा, मग तो बनवणाऱ्याचा, मग ज्या विलायतेत हा ट्रॅक्टर बनला तिथल्या सगळ्या गोऱ्यांचा. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण शालिनीताईंच्या ओठांवर आली होती. त्या शेडच्या दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी म्हण गिळली आणि तेलाची बाटली पुढे केली. थोडं सोडा आणि थोडं थांबा, म्हणाल्या. थांबणं हे दिनकररावांना कधी जमलं नव्हतं, पण दम लागल्यामुळे त्यांना थांबावंच लागलं, आणि तेवढ्यात तेलाने आपलं काम केलं. छिन्नी लावून हातोडीने ठोकल्यावर बोल्ट कुरकुरत फिरले.

रेडिएटर सरळ वर उचलायचा असतो. दिनकररावांनी त्याचं वरचं टोक आपल्याकडे ओढलं, तसं बूड मागे गेलं. मागच्या पंख्याचं पातं रेडिएटरच्या जाळीत रुतलं, त्यांचा अंगठा पात्यावर आला आणि सफारीवर रक्ताचा डाग पडला. कसाबसा त्यांनी तो जड ठोकळा जमिनीवर आणला आणि जखमेला थुंकी लावली. शालिनीताई हळद आणायला आत गेल्या. दिनकररावांनी आतल्या फुटलेल्या नळ्या बघायला रेडिएटर तिरका केला.

आत काहीतरी खुळुक वाजलं.

त्यांनी झाकण काढलं. कित्येक वर्षांनी मोतीचं तोंड उघडलं, आणि त्यातून खवट तुपाचा वास आला. धातूचा नाही, जळल्याचा नाही, तुपाचा. दिनकररावांनी बोट आत घातलं. वरच्या टाकीच्या तळाशी, जिथून पाणी बारीक नळ्यांत उतरतं, तिथे तपकिरी, चिवट थर बसला होता, खरवसासारखा जाड. त्यात तांदळाचे दाणे रुतलेले होते. त्यांनी तार घेतली आणि नळ्यांच्या तोंडांत घालून पाहिली. तार कुठेच शिरेना. बाहेरून त्यांनी एकेक नळी बोटाने चाचपली. एकही फुटलेली नव्हती. मग त्यांनी रेडिएटर उलटा करून आपटला आणि तोंडातून एक सुपारी घरंगळत त्यांच्या बुटापाशी येऊन थांबली. काळी पडलेली, पण सुपारी.

दिनकरराव जमिनीवर बसले. दोष द्यायला माणूस शोधण्याची त्यांना जन्माची सवय, ती लगेच कामाला लागली. गुरुजी? त्यांची तर पिशवी झाडून झाली होती. आबासाहेब? त्यांनी थेंब दिला होता आणि धुवून घेतला होता. दूधवाला, तूपवाला, विलायतेतला कारखाना, एकेक करून सगळे हजर झाले आणि एकेक करून निर्दोष सुटले. मोती थांबल्यापासून हे तोंड कोणी उघडलं नव्हतं, शपथच होती, आणि शपथ त्यांनीच घेतली होती. म्हणजे आत जे काही होतं ते सगळं आधीचं, आणि सगळं त्यांच्याच हातचं. पाणी काठोकाठ होतं. नळ्या बुजल्यामुळे ते फिरतच नव्हतं, म्हणून इंजिन तापलं. हेमेंद्रने झाकण उघडून पाहिलं असेल तेव्हा त्याला भरलेलं तोंड दिसलं असेल, आणि तो बेफिकीर होऊन निघाला असेल.

चांगला माणूस असता तर तिथून उठून फाटकात जाऊन भावाची वाट बघत उभा राहिला असता. दिनकरराव उठले, त्यांनी सुपारी सफारीच्या खिशात टाकली, रेडिएटरवर गोणपाट टाकलं आणि वर दोन विटा ठेवल्या. हळद घेऊन आलेल्या शालिनीताई दारात थबकल्या. त्यांनी एकदा गोणपाटाकडे पाहिलं, एक श्वास नाकाने घेतला, आणि नवऱ्याच्या अंगठ्यावर हळद दाबली. जरा जास्तच जोरात दाबली.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर दिनकररावांनी ताटाकडे बघत सांगितलं की रेडिएटर पार गेलेला आहे, दाखवण्यासारखं त्यात काही उरलेलं नाही. हेमेंद्रने त्यांच्याकडे पाहिलं. बाहेर जाऊन बघतो, असं तो म्हणेल म्हणून दिनकररावांनी उत्तर तयार ठेवलं होतं. हेमेंद्र तसं म्हणाला नाही. त्याने घास ताटात ठेवला.

"ठीक आहे, दादा," तो म्हणाला. "मी पाणी पाहिलं नव्हतं. माझी गलती झाली. आता याल ना?"

इतकी वर्षं दिनकररावांनी हे वाक्य ऐकायची वाट पाहिली होती. ते ऐकल्यावर आपण काय बोलायचं, चेहरा कसा ठेवायचा, क्षमा किती वेळ लावून करायची, हे सगळं त्यांनी मनात घोटून ठेवलं होतं. आता वाक्य समोर पडलं होतं, आणि ते खोटं होतं, आणि ते बोलणाऱ्याला ते खोटं आहे हे माहीत होतं. मुलीच्या मांडवात एक म्हातारा उभा राहावा म्हणून त्याने आपलं आयुष्यभराचं खरं ताटात काढून ठेवलं होतं. समरजीत मान खाली घालून बसला. दिनकररावांना "येईन" एवढंच म्हणता आलं. त्यांचा हात भाताकडे जाईना.

शालिनीताई वाढायला आल्या. "जिंकलात ना?" त्या म्हणाल्या. "मग जेवा. तूप वाढू?"

दिनकररावांनी मान हलवली. त्यांना तुपाचा वास सहन होत नव्हता.

दसऱ्याच्या सकाळी शेडमध्ये पूजा मांडली. पाटावर घराण्याची एकुलती तलवार होती, तिच्या शेजारी पाना आणि पेचकस, बाजूला शमीची पानं. मोती पुढून उघडा पडला होता. जिथे रेडिएटर होता तिथे पोकळी होती आणि मागचा पंखा दात विचकत होता. मोती काही चालू झाला नव्हता, पण दिनकररावांनी या वर्षी पंचामृत करायला सांगितलं. शपथेचं काय, असं कोणी विचारलं नाही. तांब्या घेऊन उभ्या असलेल्या समरजीतला मात्र वेगळीच अडचण दिसली.

"बाबा, याचं तोंड तर बाहर पडा है," तो म्हणाला. "आता कुठे ओतायचं?"

दिनकरराव कोपऱ्यात गेले, गोणपाट ओढून काढलं आणि रेडिएटर पाटासमोर आणून ठेवला, तोंड वर करून. मग खिशातून सुपारी काढून ताम्हनात ठेवली. अंगात तीच सफारी होती, अंगठ्याच्या रक्ताचा डाग असलेली. शालिनीताईंनी ती धुवायला मागितली होती आणि त्यांनी दिली नव्हती. हेमेंद्र खाली वाकला. त्याने रेडिएटरच्या तोंडात पाहिलं, वास घेतला, आत बोट घातलं आणि तांदळाचा एक दाणा नखावर काढून पाहिला. मोटारी विकण्यात त्याचा जन्म गेला होता. त्याला काही सांगावं लागलं नाही. तरी दिनकररावांनी सांगितलं. आवाज मसुदा वाचून दाखवावा तसा कोरडा होता, कारण दुसरा आवाज त्यांच्याकडे नव्हता.

"पाणी तू पाहिलं होतंस," ते म्हणाले.

हेमेंद्र उभा राहिला. इतक्या वर्षांत ते वाक्य त्याच्या बाजूने कोणीच बोललं नव्हतं, अगदी त्याची बायकोसुद्धा ह्या विषयावर गप्प बसायची. दिनकररावांनी समरजीतच्या हातातला तांब्या घेतला. पण तो त्यांनी ओतला नाही. पळी बुडवली आणि भावापुढे धरली. घरातल्या सगळ्यांच्या आधी, जो मान मोतीचा होता तो. हेमेंद्रने तळहात पुढे केला. दिनकररावांच्या हातात पळी तिरकी झाली आणि निम्मं पंचामृत जमिनीवर सांडलं. दुसऱ्या कोणी सांडलं असतं तर त्यांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. हेमेंद्रने उरलेलं प्यायलं आणि ओला हात डोक्यावरून फिरवला, जिथे केस नव्हते तिथून.

"विनिताला काय सांगू?" त्याने विचारलं.

"येतोय म्हणून सांग. आणि हे सगळं सांग, सुपारीसकट. मी सांगायला बसलो तर त्यात पुन्हा रिसालदारी घालीन."

शालिनीताई तोंडाला पदर लावून वळल्या. त्या हसत होत्या की रडत होत्या हे समरजीतला कळलं नाही, आणि त्यांनी कळू दिलंही नाही. मग त्यांनी पळी घेतली आणि सगळ्यांना पंचामृत दिलं, दिनकररावांना सर्वांत शेवटी. त्यांनी निमूटपणे हात पुढे केला आणि साखर कमी आहे असं ते म्हणाले नाहीत, जरी ती होती. मोतीला त्या दसऱ्याला काहीच मिळालं नाही, आणि त्याचं त्यामुळे काही बिघडलं नाही.